टाका न दिसलेलं ऑपरेशन

शाहूपुरीत माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. गाळा लहान. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. तिथं एका लाकडी स्टुलावर बसून मी तीस वर्षं मशिनी उघडल्या आणि मिटल्या. त्यामुळं शौचाला पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा माझा संशय त्या स्टुलावर गेला. फोमचा तुकडा आणून त्याला गादी केली आणि विषय मिटला असं धरलं.

तो मिटायला साडेतीन वर्षं लागली. त्यातली पहिली अडीच वर्षं मी कुणाला काही सांगितलंच नाही.

हे सगळं दोन हजार साल उलटल्यानंतरचं. आता मी बरा आहे. डॉक्टरांना जे सांगायचं ते डॉक्टर सांगतील, मला त्यातलं फार कळत नाही. पण हा आजार ज्या जागी होतो तिचं नाव घ्यायला माणूस लाजतो आणि त्या लाजेत एकटा पडतो, ते मला चांगलं कळतं. तेवढं लिहितो.

मूळव्याध म्हणून

गाळ्यांच्या मागं आम्हा सगळ्या दुकानदारांना मिळून एकच संडास होता. मी आधी बादली भरून घ्यायचो, मग आत जायचो, आणि बाहेर पडण्यापूर्वी दोन-तीनदा पाणी ओतून सगळीकडं बघायचो. रक्त रोज जात नसे. कधी आठ दिवस काही नाही, कधी सलग चार दिवस. पुढं रक्ताबरोबर शेंबडासारखं चिकट जायला लागलं. दिवसातून सहा-सात वेळा जावंसं वाटायचं, आणि जाऊन आलं तरी आत काहीतरी राहिलंय असं वाटत राहायचं. गिऱ्हाईक समोर असताना मी पान्हा खाली ठेवून "आलो हं" म्हणत उठायचो. लोकांना वाटलं, मिस्त्रीला विडीचा नाद लागलाय. मी त्यांना तसं वाटू दिलं.

मूळव्याधीवर पुड्या देणारा एकजण होता. त्याच्याकडून पुड्या आणल्या. त्यानं तपासलं नाही आणि मीही तपासा म्हटलं नाही. दोघांचीही सोय झाली.

तिखट सोडलं. आमच्या घरात खर्ड्याशिवाय ताट होत नाही. दोन दिवस खर्डा ताटात तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोनं, महादेवीनं, तो वाढणं बंद केलं. का खात नाही, ते विचारलं नाही.

ती विचारणार नाही हे मला ठाऊक होतं. तेव्हा आमच्यात बोलणं बंद होऊन आठ वर्षं होत आली होती. बंद म्हणजे भांडण नव्हे, आदळआपट नव्हे. दोन वेळचं जेवण, कपडे, पाहुणेरावळे, सगळं व्यवस्थित. पण ती माझ्याशी म्हणून बोलत नसे. "वाढलंय." "पाणी आलंय." "गॅस संपला." भिंतीला सांगितल्यासारखं. आमची एकुलती मुलगी सविता घरात होती तोवर "तुझ्या अप्पाला सांग" आणि "तुझ्या अव्वाला विचार" असं चालायचं. सविता लग्न होऊन निपाणीला गेली आणि तेही थांबलं. रेडिओ मात्र दिवसभर लावलेला असायचा. बंद केला की घर फार मोठं वाटायचं.

कबनूर

कबनूरला परकर शिवणारा एक छोटा कारखाना होता. मागच्या बाजूला यंत्रमाग, पुढच्या खोलीत बारा शिलाई मशिनी आणि बारा बाया. महिन्यातून एकदा मी मशिनी बघायला जायचो. त्या दिवशी खाली बसून तेल घालत होतो. उठलो तर डोळ्यांपुढं अंधारी आली. भिंतीला धरून उभा राहिलो.

शेवटच्या मशीनवरची एक वयस्कर बाई उठून जवळ आली. मागांच्या खडखडाटात कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं, तरी तिनं आवाज बारीक केला.

"मिस्त्री, मागं लेंग्याला लागलंय काय तरी."

मी हात मागं नेला. ओलं होतं.

"ऑइल सांडलं असंल," मी म्हणालो.

तिनं खुंटीवरचा टॉवेल काढून दिला आणि मी तो कमरेला गुंडाळेपर्यंत माझ्याकडं पाठ करून, बाकीच्या बायांना दिसू नये म्हणून आड उभी राहिली. त्या बाईचं नाव मला आजही माहीत नाही.

एसटीत गर्दी नव्हती. खिडकीतल्या माणसानं सरकून जागा केली. "बसा की पावणं, जागा हाय." मी म्हणालो, "म्होरंच उतरायचंय." आणि कोल्हापूरपर्यंत उभा राहून आलो. त्या तासाभरात मला पहिल्यांदा वाटलं की आपण मरणार आहोत. आणि दुसरं असं वाटलं की हे सांगावं असं माणूस आपल्याकडं नाही.

तशा लेंग्यावर घरी जाता येत नव्हतं. दुकानासमोर रशीदभाईचं टेलरिंगचं दुकान. वीस वर्षांची ओळख, पण चहा आणि मशीन यापलीकडं बोलणं नव्हतं. मी त्याच्या दुकानात शिरलो आणि म्हणालो, "रशीदभाई, एक लुंगी दे."

त्यानं टॉवेलकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं. पडदा ओढला. लुंगी दिली. मी बदलून बाहेर आलो तोवर तो दुकानाचं एक फळकूट लावून चप्पल घालून उभा होता.

"कुठं?" मी विचारलं.

"डॉक्टरकडं. आणि कुठं?"

तपासणी

डॉक्टर चाळिशीतले, कमी बोलणारे. त्यांनी कुशीवर झोपायला सांगितलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले आणि हातमोजा घालून बोटानं तपासलं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. ज्या एका मिनिटाला भिऊन मी अडीच वर्षं काढली ते असं संपलं.

"याआधी कुणी तपासलं?"

"न्हाई."

"कुणीच नाही?"

"मूळव्याध हाय म्हणून औषध घेत हुतो."

"ही मूळव्याध नाही. आत गाठ आहे. हाताला मऊ लागते, ते त्यातल्या त्यात बरं. पण दुर्बिणीनं बघून तुकडा तपासायला पाठवावा लागेल."

मी विचारायचं ते विचारलं नाही. डॉक्टरांनीच सांगितलं, "कॅन्सर आहे की नाही ते आज सांगता येणार नाही."

तुकड्याचा रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी खूप काम केलं. वर्षभर पडून असलेल्या मशिनीसुद्धा जुळवून ठेवल्या. आपल्यामागं कुणाची मशीन अडकून राहू नये, असं काहीतरी डोक्यात होतं. महादेवीनं एक दिवस दुपारचा डबा रिकामा आला नाही तेव्हा झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं.

रिपोर्ट आला. घेतलेल्या तुकड्यात कॅन्सर नव्हता. मी खुर्चीवरून उठायलाच लागलो, तर डॉक्टर म्हणाले, "बसा. एवढ्यावर झालं नाही." गाठ मोठी होती, लिंबाएवढी, पसरट. अशी गाठ ठेवली तर पुढं बिघडू शकते, आणि अख्खी काढून तपासल्याशिवाय खात्री देता येत नाही. काढायची तर पोट उघडून गुदाशयाचा भाग कापायचा. जागा खाली असल्यामुळं कदाचित पोटावर शौचाची पिशवी लावावी लागेल, काही महिने, कदाचित कायमची.

माझ्या डोळ्यांपुढं स्टूल आलं, गिऱ्हाईक आलं, आणि सदऱ्याखाली ती पिशवी.

"दुसरी वाट न्हाई?"

"एक आहे. पुण्याहून एक सर्जन अधूनमधून इथं येतात. खालच्या वाटेनंच आत नळी घालून, दुर्बिणीतून बघत गाठ काढतात. पोटाला हात लावत नाहीत. तुमची गाठ त्या प्रकारानं निघेल का ते तेच सांगतील. आणि निघाली नाही, किंवा अर्ध्यात अडचण आली, तर पोट उघडावं लागेल. ते आधीच मान्य करून सही द्यायची. घरातल्या माणसाला घेऊन या."

फाइल

घरातल्या माणसाला आणायचं कसं, ते मला कळेना. सविताला सांगावं तर तिला सातवा महिना चाललेला. एसटीडी बूथवरून तिला फोन लावला. ती म्हणाली, "अप्पा, आवाज असा का येतोय?" मी म्हणालो, "लाइन खराब हाय," आणि तिच्या सासऱ्यांची चौकशी करून ठेवून दिला.

शेवटी सकाळी दुकानाला निघताना मी ती फाइल स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली आणि चपला घालू लागलो.

"ह्यात काय लिवलंय?"

मी वळून पाहिलं. ती माझ्याकडं बघून बोलत होती. हातात फाइल होती, रिपोर्ट इंग्रजीत.

"गाठ हाय."

"कुठं?"

"खाली."

"खाली म्हंजे कुठं?"

"संडासच्या जागी. आत."

"कवाधरनं?"

"अडीच वर्षं झाली असतील."

तिनं फाइल मिटली, ओट्यावरचं पाणी तिला लागू नये म्हणून फडक्यानं ओटा पुसला आणि मग म्हणाली, "तुमाला सांगायची सवयच न्हाई." एवढं बोलून ती मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेली.

ती कशाबद्दल बोलली ते मला समजलं. इथं ते लिहायलाच पाहिजे.

तिचं माहेर चिकोडीकडं. आठ वर्षांपूर्वी तिचे वडील आजारी होते. एक दिवस सकाळी अकरा वाजता तिच्या भावाचा माझ्या दुकानात फोन आला, की अप्पांचं काही खरं नाही, अक्काला घेऊन या. त्या दिवशी माझ्याकडं लग्नाच्या घाईची कामं होती. तिचा भाऊ नेहमीच वाढवून सांगतो असंही मला वाटलं. म्हटलं, संध्याकाळी सांगू, उद्या पहिल्या गाडीनं जाऊ. दुपारी दुसरा फोन आला. वडील गेले होते. संध्याकाळी उशिरा मी दुकान बंद करून घरी गेलो आणि तिला सांगितलं की वडील सिरियस आहेत, आत्ताच फोन आलाय. शेवटची गाडी निघून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा माती होऊन गेलेली. आमच्यात पुरतात. वरची माती अजून ओली होती. परत येताना गाडीत तिनं विचारलं, "फोन किती वाजता आलता?" मी म्हणालो, "संध्याकाळी."

त्यानंतर तिनं मला काही विचारलं नव्हतं.

भरती

महिन्याभरानं पुण्याचे डॉक्टर आले. बारीक अंगाचे, बोलायला मोकळे. त्यांनी तपासून सांगितलं की खालच्या वाटेनं निघेल असं वाटतं. मी मिस्त्री आहे हे कळल्यावर त्यांनी हत्यारं दाखवली. दोन बोटं जाडीची धातूची नळी. ती टेबलाला एका सांध्याच्या दांड्यानं पक्की बसवायची, म्हणजे हलणार नाही. आत हवा भरून जागा फुगवायची. नळीच्या तोंडातून दुर्बीण आणि लांब दांड्याचे चिमटे.

"आत टाका कसा घालता?" मी विचारलं.

"वाकड्या सुईनं. पण एवढ्या अरुंद जागेत गाठ मारता येत नाही. म्हणून दोऱ्याच्या टोकाला चांदीचा हा बारीक मणी दाबून बसवतो."

तो मणी त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मोहरीपेक्षा थोडा मोठा. जन्मभर दोऱ्याच्या गाठी पाहिलेल्या माणसाला ते पटलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला धीर आला तो त्या मण्यामुळं. आजार कुणाला सांगता येत नव्हता, पण हत्याराबद्दल दोन माणसांसारखं बोलता आलं.

सहीच्या कागदावर महादेवीनं मराठीत सावकाश सही केली. सिस्टरनं तिला विचारलं, "रक्त केव्हापासून जातंय यांचं?"

"त्यास्नीच इचारा," ती म्हणाली. "मला आत्ता कळलंय."

आदल्या दिवशी पोट साफ करायचं पाणी पाजतात. खारट, बुळबुळीत, तांब्यामागून तांब्या. दुपारभर मी कॉट आणि संडास यांच्यामध्ये होतो. महादेवी खिडकीपाशी स्टुलावर बसून होती. तांब्या रिकामा झाला की भरून ठेवायची.  शेजारच्या कॉटवर पाय मोडलेला एक जण होता. त्याच्याकडं सकाळपासून माणसं येत होती, प्लास्टरवर हात फिरवत होती, मोटरसायकल कशी घसरली ते पुन्हा पुन्हा ऐकत होती. त्यातल्या एकानं मला विचारलं, "तुमाला काय झालंय हो?"

"पोटाचं हाय," मी म्हणालो. तो "असं व्हय" म्हणून परत प्लास्टरकडं वळला.

त्या दुपारी मला त्या पाय मोडलेल्या माणसाचा हेवा वाटला.

पालथं

माझी गाठ गुदाशयाच्या पुढच्या भिंतीला होती म्हणून मला टेबलावर पालथं झोपवलं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला होता, पण मी जागा होतो. ऑपरेशनच्या टेबलावर माणसाला निदान वर बघता येतं, दिवा दिसतो, कुणाचं तोंड दिसतं, असं मी समजत होतो. मला फक्त फरशी दिसत होती आणि फरशीवरून फिरणाऱ्या रबरी चपला. निळ्या चपला डॉक्टरांच्या. पांढऱ्या, अंगठ्याजवळ फाटलेल्या, सिस्टरच्या. पांढऱ्या चपला थांबल्या की मला भीती वाटायची, की काही अडलं का. निळ्या बराच वेळ हलल्याच नाहीत.

वेदना नव्हती. आत कुठंतरी ओढल्यासारखं, भरल्यासारखं वाटायचं. मधेच डॉक्टर म्हणाले, "रक्त येतंय, थांबा."  आता पोट उघडणार, असं मी धरलं. महादेवीनं त्याचीही सही दिली आहे, हे आठवलं. मी देवाचं नाव घ्यायला पाहिजे होतं, पण मनात तिच्या वडिलांचं अंगण आलं. ते बसायचे तो कट्टा आला. सासऱ्यांनी मला कधी एका शब्दानं दुखवलं नव्हतं.

"मिस्त्री, जागे आहात ना?" डॉक्टरांचा आवाज आला. "निघाली. आता शिवतोय."

मी व्हय म्हणालो. माझाच आवाज मला उशीत ऐकू आला.

तिसरा दिवस

अंगावर कुठं कापल्याची खूण नव्हती. भेटायला आलेल्या भावकीतल्या एकानं चादर वर करून पोट पाहिलं आणि म्हणाला, "टाके कुठं हाईत?" मी म्हणालो, "आत." त्यानं शेजाऱ्याच्या प्लास्टरकडं पाहिलं आणि परत माझ्या कोऱ्या पोटाकडं. त्याला हे ऑपरेशन खरं वाटलं नसावं. बाहेर जाऊन त्यानं कुणाला तरी सांगितलं, "काय न्हाई, किरकोळ हाय."

किरकोळ नव्हतं. नळीमुळं तिथले स्नायू ताणले जातात आणि काही दिवस ताबा राहत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. ऐकताना ते वाक्य साधं वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खोकलो आणि अंथरूण घाण झालं. मला कळलंसुद्धा उशिरा. बावन्न वर्षांचा माणूस. मी तोंड भिंतीकडं केलं आणि पडून राहिलो.

महादेवीला वासानं समजलं. तिनं मधला पडदा ओढला. मी म्हणालो, "आयाबाईला बोलीव." तिनं ऐकलं नाही. मला कुशीवर वळवलं, पुसलं, चादर काढली, दुसरी घातली. घाईनं नाही, किळसेनं नाही, मायेनंही नाही. भांडं घासावं तसं, नीट. मला त्याचंच जास्त लागलं. ती वाकून मेणकापड सरळ करत असताना मी म्हणालो, "फोन अकराला आलता."

तिचे हात थांबले नाहीत.

"सकाळी अकराला. मी तुला सांगितलं न्हाई."

"म्हाईत हाय."

"कवा कळलं?"

"त्याच दिवशी. भावानं मातीवरच सांगितलं."

"मग गाडीत इचारलंस कशाला?"

तिनं उशी उचलली, झटकली, माझ्या डोक्याखाली घातली. "तुमी काय सांगताय ते बगायला," ती म्हणाली.

मग घाण चादर गुंडाळून घेऊन ती बाहेर गेली आणि बराच वेळ परत आली नाही. मला वाटलं घरी निघून गेली असेल. गेली असती तर मी काही म्हणू शकलो नसतो. ती आली तेव्हा तिचं तोंड धुतलेलं होतं आणि हातात चहाचे दोन ग्लास होते. त्याआधी आठ वर्षं ती माझ्याबरोबर चहा प्यायली नव्हती. तेव्हाही खिडकीकडं तोंड करून प्यायली. पण ग्लास दोन होते.

घरी

पाचव्या दिवशी घरी सोडलं. पुढचे दीड महिने कठीण गेले. आत जखम भरत होती, मधेच ताप येऊन गेला, आणि ताबा यायला फार वेळ लागला. बाहेर जायची धास्ती. कुणी विचारलं तर सांगायला काही दिसणारं नव्हतं. बायपास झालेल्या माणसाभोवती लोक बसतात, तो छातीवरची खूण दाखवतो, सगळे हळहळतात. माझ्याकडं कुणी आलंच तर पाच मिनिटांत क्रिकेटवर बोलायला लागायचं.

एक दिवस रशीदभाई घरी आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं त्यानं कॉटवर ठेवलं. आत मऊ सुती कापडाच्या जाड घड्या होत्या, चारी बाजूंनी शिवलेल्या, कडेला नाड्या लावलेल्या. डझनभर असतील. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

"माप अंदाजानं घेतलंय," तो म्हणाला. "कमी-जास्त झालं तर सांग." आणि चहा न घेता गेला.

त्या घड्या बांधून मी महिन्यानं दुकान उघडलं. स्टुलावर बसवेना, म्हणून काही दिवस उभ्यानं काम केलं.

गाठीचा रिपोर्ट आला होता. संपूर्ण निघाली होती, कडा स्वच्छ होत्या, कॅन्सर कुठंही नव्हता. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात. अजून एक-दोन वर्षं काढली असती तर असं सांगता आलं नसतं." दर काही महिन्यांनी दुर्बिणीनं तपासायला मात्र यायचं, कारण अशी गाठ परत येऊ शकते.

सविताला बाळंतपण झाल्यावर सांगितलं. ती फोनवर आधी रडली आणि मग चिडली. "अव्वा तसली आणि तुमी असले," ती म्हणाली. तिला काय म्हणायचंय ते मी विचारलं नाही.

महादेवी आणि मी आता बोलतो का, असं कुणी विचारलं तर व्हय म्हणावं लागेल. औषध घेतलं का, आज किती वेळा जाऊन आला, रक्त दिसलं का, एवढं ती रोज विचारते आणि मी खरं सांगतो. त्यापलीकडं फार नाही. गेलेली आठ वर्षं कुठं भरून निघतात? पुष्कळ संध्याकाळी आम्ही दोघं एकाच खोलीत बसतो आणि रेडिओच बोलत असतो. आजार गेला म्हणून माणसाचं एकटेपण जातंच असं नाही. पण विचारणारं एक माणूस आहे.

फेरतपासणी

वर्षभरानंतरच्या एका तपासणीला आम्ही दोघं गेलो. माझं आतलं आटोपलं, सगळं ठीक होतं. मी नाडी बांधून बाहेर आलो तर दाराशीच महादेवीचा आवाज ऐकू आला. तिला हळू बोलता येत नाही, माहेराकडचा खणखणीत आवाज. शेजारच्या बाईला ती सांगत होती.

"आमच्या मालकांच्या गुदाशयात गाठ हुती. लिंबाएवढी. संडासच्या वाटेनंच काढली, पोट फाडलं न्हाई. आता झ्याक हाईत. पर अडीच वर्षं लपीवलंवतं त्यांनी. मला कळलं असतं तर कवाच धरून आणलं असतं की."

बाकावरच्या दहा-बारा माणसांनी ते ऐकलं. मी दारातच उभा राहिलो. कानशिलं गरम झाली. मागं फिरून परत आत जावं असं वाटलं. पण दुसरंही एक वाटलं. माझ्याबद्दल तिनं इतकं बोललेलं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी जाऊन तिच्या पलीकडं बसलो. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणालं डॉक्टर?"

"काय न्हाई आत. चांगलं हाय."

"बगा," ती त्या बाईला म्हणाली.

भिंतीच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर कापडी पिशवी. ते एकेक जागा सरकत माझ्याजवळ आले. आधी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं.

"पावणं, ती दुर्बीण घालत्यात तवा लई दुखतंय काय?"

"दुखत न्हाई. लाज वाटती. तीबी थोडा वेळ."

त्यांनी मान हलवली. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"माझं चार वर्षं झाली," ते म्हणाले. "घरात कुणाला ठावं न्हाई."

"आज संगट कोण आलंय?"

"कोण न्हाई."

तेवढ्यात आतून त्यांना बोलावणं आलं. ते उठले, पिशवी उचलली, ती कुठं ठेवावी ते कळेना, तसेच उभे राहिले.

"ती राहू दे हितं," मी म्हणालो. "आमी हाय."

ते आत गेले. महादेवीनं पिशवी उचलून आमच्या दोघांच्या मध्ये बाकावर ठेवली आणि पडू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला. आमचं काम केव्हाच झालं होतं. पण ते बाहेर येईपर्यंत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.